देव अजून पाण्यात आहेत

मंडळी, बसून घ्या. मागच्यांना ऐकू येतंय ना?

मला भाषण येत नाही. म्हणून जे मला येतं तिथूनच सुरुवात करते. आज सकाळपासून या हॉलवर काय काय आलं ते सांगते.

खुर्च्या चर्चच्या, भाडं नाही. फुलं पांढरी आणि निळी, बावीस युरो. मी नको म्हणत होते, पण आपल्या वॉटरफोर्ड जिल्ह्याच्या संघाचे रंग तेच, म्हणून गप्प बसले. गॉलवेहून आलेल्यांनी थर्मास भरून चहा आणला. नास गावाहून आलेल्या मंडळींनी केक आणला, किंमत विचारली तर सांगत नाहीत. सँडविचचे चार ट्रे नोराबाईंनी दिले, पैसे पुढे केले तर ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत ‘छान, असू दे’, म्हणून माझाच हात मागे सारला. पंचवीस पाकिटांचा एक गठ्ठा, दोन युरो. तो कशाला, ते शेवटी सांगेन. आणि हा पाट. इथे टेबलावर ठेवलाय तो. वीतभर लांब, वीतभर रुंद, ॲश नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाचा. याच्यापुढचा किमतीचा रकाना माझ्या हिशोबाच्या वहीत नऊ महिने मोकळा आहे.

ज्यांनी हा पाट केला त्यांच्यासाठी आपण जमलो आहोत. मिकभाऊ. आमचे शेजारी. शहात्तर वर्षांचे होते. हर्लिंग नावाचा इथला खेळ खेळायची काठी, जिला हर्ली म्हणतात, ती बनवण्यात त्यांचा जन्म गेला. चर्चमधल्या प्रार्थनेला मोजकीच माणसं आत घेतली, आपल्यापैकी बरेच जण रस्त्यावर उभे होते. म्हणून ही सभा.

नोराबाई, त्यांची बहीण, पुढेच बसल्या आहेत. मी त्यांना विचारलं, इंग्रजीत बोलू का? त्या म्हणाल्या, “तू अंगणातल्या मधल्या भिंतीवरून त्याच्याशी तुझ्याच भाषेत बोलायचीस. त्याला सगळं कळायचं.” हे काही खरं नाही. त्यांना निम्मं कळायचं. मलाही त्यांचं निम्मंच कळायचं. माझं इंग्रजी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचं, त्यांचं वॉटरफोर्डचं. पण दोन निम्मे मिळून एक होतो, एवढं गणित मला येतं.

तुमच्यातले काही जण मला ओळखत नाहीत. मी साताऱ्याची. आमची अनघा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आले. तीन महिन्यांचं तिकीट होतं. मार्चमध्ये विमानं थांबली, आणि दीड वर्ष उलटून गेलं तरी मी आहे ती आहेच. येताना पर्समध्ये एकच मौल्यवान वस्तू आणली होती. आमच्या देव्हाऱ्यातला पितळी गणपती, अंगठ्याएवढा. सासूबाईंनी दिलेला.

बाळ झालं त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी बाळाची भेट म्हणून भिंतीवरून एक लाकडी वस्तू दिली. हातभर दांडा, पुढे चपटी, पसरट. मी म्हटलं, वा, कित्ती गुणी माणूस. या देशातही धोपाटणं मिळतं! मे महिन्यात ऊन पडलं तशी मी साताऱ्याहून आणलेली गोधडी भिंतीवर टाकली आणि त्या धोपाटण्यानं बडवायला लागले. चांगली दहा मिनिटं बडवली. वर बघते तर मिकभाऊ त्यांच्या शेडच्या दारात रंधा हातात घेऊन उभे.

मला म्हणाले, “मिसेस, दोन्ही हात असेच ठेव. यंदा आख्ख्या जिल्ह्यात एवढा चांगला फटका मी पाहिला नाही.”

अनघा आतून धावत आली. “आई! अगं ती हर्ली आहे! त्यांनी हातानं बनवलीये बाळासाठी! लोक भिंतीवर टांगून ठेवतात!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी सॉरी म्हणत राहिले. ते म्हणाले, “टांगून ठेवण्यापेक्षा बरं झालं. काठी मार खायलाच असते.” त्या दिवसापासून मी त्यांना मिकभाऊ म्हणायला लागले. अर्थ विचारला तेव्हा सांगितला. म्हणाले, “मला एकच बहीण आहे, आणि ती माझं कधी ऐकत नाही. दुसरी चालेल.”

नोराबाईंना हे कोणी सांगू नका.

जे नुकतेच आलेत त्यांच्यासाठी हा खेळ दोन वाक्यांत सांगते. पंधरा-पंधरा जण, हातात हर्ली, आणि एक छोटा कडक चेंडू. आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांची स्पर्धा होते आणि अंतिम सामना डब्लिनच्या ऐंशी हजारांच्या मैदानावर. वॉटरफोर्ड शेवटचं जिंकलं एकोणीसशे एकोणसाठ साली. मिकभाऊ तेव्हा चौदा वर्षांचे, वडिलांबरोबर मैदानात होते. त्यानंतर एकदाही नाही. एकदाही नाही, मंडळी. वॉटरफोर्डच्या सामन्याला ते दर वर्षी जात राहिले आणि दर वर्षी रिकाम्या हातानं परत येत राहिले.

आणि ही खेळणारी मुलं पैसे घेत नाहीत. हे कळलं तेव्हा मी पुन्हा विचारलं. एक सेंटसुद्धा नाही? नाही. रविवारी त्या मैदानावर हाडं मोडेपर्यंत खेळायचं आणि सोमवारी शाळेत शिकवायला, शेतावर, ऑफिसात. मी म्हटलं, मग दुसऱ्या जिल्ह्याकडून का नाही खेळत, जो जिंकतो त्याच्याकडून? मिकभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू आई बदलून घ्यायला सांगत होते.

ही स्पर्धा उन्हाळ्याची. त्या वर्षी ती गेली ऐन हिवाळ्यात, आणि प्रेक्षकांना बंदी. मिकभाऊंना घराबाहेर पडायचीसुद्धा भीती, वय सत्तरीच्या वर, त्यात छातीचं दुखणं. एकमेकांच्या घरात जायलाही मनाई. मग त्यांनी काय केलं? टीव्ही उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवला. खिडकी सताड उघडली. भिंतीच्या त्यांच्या बाजूला त्यांची खुर्ची, आमच्या बाजूला माझी. मला म्हणाले, “कायदा म्हणतो घरात पाहुणा नको. भिंतीबद्दल कायदा काही म्हणत नाही.” मी स्वेटर, त्यावर शाल, त्यावर जावयाची माकडटोपी. नोव्हेंबरातलं वारं तुम्हाला माहीत आहे.

काय सांगू तुम्हाला मी काय पाहिलं.

ऐंशी हजार खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. डोळा पोचत होता तिथपर्यंत रिकाम्या. आणि मधे ती तीस मुलं अशी धावत होती की जणू एकेका खुर्चीवर माणूस बसलाय. हर्लीवर हर्ली आपटल्याचा आवाज, नुसता तो आवाज, रिकाम्या मैदानात घुमून परत यायचा. टाळी नाही, शिट्टी नाही. चेंडू शंभर पावलांवरून यायचा आणि मुलगा उंच उडी मारून तो उघड्या हातानं आकाशातून खुडायचा, फूल खुडावं तसा. पाहायला कोणी नाही. तरी खुडायचा.

तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? त्या वर्षी आपल्याकडे देवळं बंद होती. आठवतंय? दर्शन नाही, प्रसाद नाही, पेटीत पैसा नाही. पण आत पुजारी रोज पहाटे उठून काकडआरती करतच होते. ऐकायला कोणी नाही म्हणून एक ओळ गाळली नाही. मी भिंतीवरून म्हटलं, “मिकभाऊ, धिस इज पूजा.” त्यांनी मान हलवली. मला वाटतं, ते निम्मं त्यांना पूर्ण कळलं.

उपांत्य सामना किलकेनीशी. शनिवारची संध्याकाळ. मध्यंतराला वॉटरफोर्ड चांगलंच मागे. मी दिवेलागणीची वेळ झाली म्हणून आत गेले, देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि परत आले. आले तर आपल्या मुलांनी एक गुण, मग आणखी एक, मग आणखी. मी खुर्चीवर टेकणार तोच मिकभाऊ ओरडले, “बसू नको!”

“का?”

“तू आत काय केलंस?”

“दिवा लावला.”

“तू उभी आहेस आणि आपण गुण करतोय. देवाची शपथ आहे तुला, बसू नको.”

मंडळी, सदुसष्टाव्या वर्षी, गुडघेदुखी असताना, तो उरलेला अर्धा सामना मी उभ्यानं पाहिला. आणि वॉटरफोर्ड जिंकलं. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. मी ‘आम्ही’ म्हणाले, बघा.

मिकभाऊ भिंतीवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांचे डोळे मी पाहिले. हळूच म्हणाले, “पुन्हा एकदा ऐकायचंय मला, मिसेस. ‘वॉटरफोर्ड जिंकलं’, एवढंच. मरायच्या आत एकदा.”

मी घरात आले आणि कोणाला न विचारता देव पाण्यात घातले. स्टीलच्या पातेल्यात पाणी, त्यात गणपती. हात जोडून म्हटलं, वॉटरफोर्ड जिंकेपर्यंत बाहेर काढणार नाही. मिकभाऊंच्या कानावर तेवढं पडू दे.

अनघा म्हणाली, “आई, मधे संकष्टी येतेय.”

“पाण्यात करू.”

“आणि हरले तर?”

“शुभ बोल.”

अंतिम सामन्याला मी पहिल्यापासून उभी होते. आत एकवीस मोदक तयार. नारळ इथे किती महाग, ते तुम्हाला सांगायला नको. समोर लिमरिक, हिरव्या रंगाचे. आणि मंडळी, खोटं का बोलू? त्यांनी आपल्याला पार धुतलं. अकरा गुणांनी. मी उभी राहून, दिवा लावून, अथर्वशीर्ष म्हणून काही उपयोग झाला नाही. मला मिकभाऊंकडे बघवेना.

आणि बघितलं तेव्हा ते टाळ्या वाजवत होते. काळोख पडायला आला होता. थंडीत एकटे उभे, त्या टीव्हीकडे बघून टाळ्या वाजवत होते. लिमरिकसाठी. म्हणाले, “काय खेळतात ही पोरं! बघितलंस ना? बघितलंस? हे बघायला मिळालं.” ऐंशी हजार खुर्च्या रिकाम्या होत्या त्या दिवशी. त्या सगळ्यांच्या वाटणीच्या टाळ्या आमच्या मागच्या अंगणात वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. मनात म्हटलं, माणूस खचला असेल. मोदक टाकून थोडेच द्यायचे? पाण्यातल्या देवाला आदल्या दिवशीच नैवेद्य दाखवला होता. पाच मोदक ताटलीत घेऊन भिंतीपाशी गेले. शेडमधला दिवा लागलेला. आत रंध्याचा आवाज. करकर, करकर. मिकभाऊ नवी हर्ली तासत होते.

“अहो, हे काय करताय?”

“पुढच्या वर्षीचं काम.”

एकसष्ट वर्षं झाली होती, मंडळी. आणि हरल्याला पुरती एक रात्रही झाली नव्हती.

त्यांनी मोदक खाल्ला. विचारलं, हे काय? मी म्हटलं, जिंकल्यावर खायचे होते. म्हणाले, “हरल्यावरही ग्रँड लागतात.” मग मला सगळं सांगावंच लागलं. पातेलं, पाणी, नवस.

“म्हणजे तुझा देव आत्ता पातेल्यात आहे?”

“हो.”

“कधीपर्यंत?”

“वॉटरफोर्ड जिंकेपर्यंत.”

“कुठल्या वर्षी ते सांगितलं नाहीस?”

तेव्हा मला माझी चूक कळली. जन्मभर मी दूधवाल्याशीसुद्धा मुदत ठरवून बोलले, आणि देवाशी बोलताना मुदतच घातली नाही. मिकभाऊ हसायला लागले. हसता हसता खाली बसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, “मिसेस, आमचा अख्खा जिल्हा त्या पातेल्यात आहे. एकोणसाठपासून. त्याला म्हणावं, तू एकटा नाहीस.”

आठवड्यानं त्यांनी भिंतीवरून हा पाट दिला. ॲशच्या झाडाचा बुंधा जिथे मुळाकडे वळतो, तिथल्याच लाकडाची चांगली हर्ली होते. लाकडाच्या रेषा त्या वळणाबरोबर वळतात म्हणून ती तुटत नाही. त्यातलंच लाकूड त्यांनी देवासाठी कापलं होतं. जवळ येऊन बघा नंतर, रेषा कशा वळल्यात. म्हणाले, “बाहेर आल्यावर त्याला बसायला काहीतरी लागेल ना?” मी किंमत विचारली. फुकटचं घ्यायची मला सवय नाही. ते म्हणाले, “तो ज्या दिवशी यावर बसेल, त्या दिवशी दे.”

म्हणून तो रकाना मोकळा आहे.

या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या मुलांना मैदानावर खेळायला शिकवलं, ते तुम्ही पाहिलंत. मुलाला सरळ उभं करायचे, हर्ली पायाशी टेकवायचे, कमरेच्या हाडापर्यंत आली की बरोबर मापाची. आपल्या पुण्या-नागपूरच्या मुलांना ते नावानं हाक मारायचे, सगळी नावं चुकीची, पण एकही मूल दुरुस्त करायचं नाही. ऑगस्टमध्ये वॉटरफोर्ड पुन्हा हरलं. पुन्हा लिमरिककडूनच. मी धीर करून विचारलं, “मिकभाऊ, तुम्हाला ऐकायचं होतं ना एकदा?”

ते एका सहा वर्षांच्या मुलीची काठी घासत होते. मान वर न करता म्हणाले, “ही मोठी होऊन खेळेल तेव्हा मी नसेन. पण हर्लीला ते माहीत नसतं. तिला नीटच बनवावी लागते.” मग काठीवरचा भुसा फुंकून म्हणाले, “कुणीतरी ऐकेल.”

या महिन्यात एका सकाळी सात वाजले तरी शेडमधला दिवा लागला नाही. मी खिडकीत उभी राहून वाट पाहिली. साडेसात झाले. मग अनघाला हाक मारली. झोपेतच गेले होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, त्रासाचं काहीच नव्हतं.

चार दिवसांनी अनघा म्हणाली, “आई, आता काढ ना देव बाहेर. ज्यांच्यासाठी ठेवलेस ते तर गेले.” साताऱ्याच्या गुरुजींना फोन केला. तेही म्हणाले, नवस संपला, क्षमा मागा, अभिषेक करा, देव्हाऱ्यात ठेवा. पुढच्या महिन्यात माझं परतीचं विमान आहे. देवाला बरोबर न्यायचं तर काढायलाच हवं. नऊ महिन्यांवर झालं, रोज सकाळी पाणी बदलत आले. मी पातेल्यात हात घातला. बोटांना देव लागला. आणि काढवेना.

त्याच दिवशी नोराबाईंनी शेडमध्ये बोलावलं, आवरायला मदत म्हणून. भिंतीला लाकडाच्या फळ्या रचून ठेवलेल्या. हे लाकूड महिनोन्‌महिने वाळावं लागतं, तेव्हा त्याची हर्ली होते. प्रत्येक रचलेल्या थरावर खडूनं साल लिहिलेलं. एका थरावर बावीस. त्याच्या शेजारच्या, अजून ओलसर थरावर तेवीस. शहात्तर वर्षांचा, छातीचं दुखणं असलेला माणूस तेवीस सालची लाकडं वाळत घालून गेला. मी तिथेच हात जोडले. कोणापुढे जोडले ते विचारू नका. मला नीट सांगता येणार नाही.

घरी आले आणि ठरवलं. त्यांना ऐकायचं होतं, ते राहिलं. पण ते म्हणाले, कुणीतरी ऐकेल. मग माझा नवस संपलेला नाही. देव पाण्यातच राहतील. वॉटरफोर्डातच राहतील. मी रिकाम्या पर्सनं साताऱ्याला जाईन.

अनघा पाणी बदलेल. पण तुम्ही सगळी नोकरीवाली माणसं. आज इथे, उद्या डब्लिनला, परवा आणखी कुठे. मला ती काळजी होती. नोराबाईंना बोलता बोलता सांगितलं. त्या म्हणाल्या, “सगळे गेलात तर पातेलं मला आणून द्या. पाणी बदलणं मला येतं. आणि थांबणंही येतं.”

मंडळी, आता आपण दोन मिनिटं शांत राहू. उभ्यानं. कोणी टेकायचं नाही, गुडघे दुखत असले तरी. मिकभाऊंनी सांगून ठेवलंय, बसायचं नाही.

आणि त्यानंतर जाताना दाराशी ती पाकिटं ठेवली आहेत. प्रत्येक घरानं एक न्या. वर माझा साताऱ्याचा पत्ता मी हातानं लिहिलाय, तिकीट तेवढं तुम्ही लावा. दर वर्षी हर्लिंगचा मोसम संपला की माझं एक पत्र अनघाकडे येईल, ती तुम्हाला वाचून दाखवेल. फोन नको, मला कागदावर हवं. पत्रात एकच ओळ असेल: देव पाटावर बसले का? ‘हो’ असेल तर आनंदच आहे, रकाना कसा भरायचा ते मी कळवीन. पण ‘नाही’ असलं, तरी आळस करू नका. उलट टपाली कळवा.